परदेशाची तालीम महाड-पोलादपुरात

माझ्या पुतण्याचा मसाल्याचा व्यापार आहे. जगात सर्वाधिक वेलदोडा निर्यात करणारा देश आज भारत नव्हे, मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला आहे, हे या मासिकाच्या व्यापारी वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्या वेलदोड्याच्या मळ्यांपर्यंत एकदा स्वतः जाऊन यावे, वाटेत मेक्सिको पाहावा, आणि जमल्यास पनामा व कोलंबियाही करून यावे, असे त्याच्या मनात आले. सून आणि अकरा वर्षांची नात बरोबर जाणार होतीच. प्रश्न होता तो आमच्या वहिनींचा.

वहिनींचे वय सदुसष्ट. चाळीस वर्षे त्यांचा चौविहार अखंड चालू आहे. कंदमूळ वर्ज्य, पाणी उकळलेले. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, माझा नियम मोडून मला जग पाहायचे नाही. नियम राहत असेल तर मी येते, नाहीतर मी घरी सुखी आहे." पुतण्या म्हणाला, "काका, तिथे नियम राहील की नाही हे इथे बसून कसे सांगायचे?"

तेव्हा मला आमचे आजोळ आठवले. महाड सुमारे १८ अंश अक्षांशावर आहे. त्याच अक्षांशाने पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस गेले, तर कॅरिबियन समुद्रातले डोमिनिकन प्रजासत्ताक आणि मेक्सिकोचा दक्षिण भाग लागतो. तेथेही असाच उकाडा, असाच कोसळणारा पाऊस, अशाच दरडी. स्पॅनिश भाषा सोडली तर त्या मुलखातल्या बहुतेक अडचणी आपल्या सावित्रीच्या खोऱ्यात भेटतात. मी म्हटले, "दोन दिवस महाड-पोलादपुरात भर पावसात राहून पाहू. तेथे वहिनींचे नियम सांभाळता आले, तर पुढचे पुढे."

मृगाचा पाऊस सुरू झाला होता आणि चातुर्मासाला अजून तीन आठवडे अवकाश होता. आम्ही पुण्याहून निघालो. या दोन दिवसांत जे शिकलो आणि नंतर परदेशात जे उपयोगी पडले, ते आपल्या कुटुंबांच्या कामी यावे म्हणून येथे लिहीत आहे.

पहिल्याच संध्याकाळी तालीम फसली

पुण्याहून महाडला भोरवरून वरंधा घाटाने जाण्याचा मार्ग जवळचा. पण पावसाळ्यात तो अनेकदा बंद असतो. म्हणून आम्ही ताम्हिणी घाटाने माणगावला उतरलो. घाटात धुके, खाली महामार्गावर वाहनांची रांग. जेवणाचा डबा गाडीच्या डिकीत, सगळ्या पिशव्यांच्या तळाशी. सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होता. महाडला मामेभावाच्या घरी पोहोचलो तेव्हा साडेसात झाले होते.

वहिनी शांतपणे हातपाय धुऊन सामायिकास बसल्या. रात्री मला म्हणाल्या, "एक वेळ न जेवल्याने काही होत नाही. पण परदेशात रोज असे झाले तर मी आजारी पडेन, आणि मुलांचा प्रवास माझ्यामुळे बिघडेल."

ही चूक आमची होती, पावसाची नव्हती. त्या रात्री पहिले दोन नियम ठरले. चौविहार पाळणाऱ्याचा डबा सामानात जाणार नाही, मांडीवर राहील. आणि सूर्यास्तापूर्वी दोन तास जेथे असू तेथे थांबावयाचे, मुक्काम आलेला असो वा नसो.

परदेशात या दुसऱ्या नियमाचे मोल अधिक कळले. उष्ण कटिबंधात उन्हाळ्यात दिवस फार लांबत नाही. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो. नोव्हेंबरअखेर ग्वाटेमालात तो साडेपाचलाच मावळतो. जूनच्या सवयीने तेथे गेलेला मनुष्य रोज उपाशी राहील. जाण्यापूर्वी प्रत्येक मुक्कामाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कागदावर उतरवून घ्याव्यात. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. मेक्सिकोत दिवसाचे मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घेतात. भोजनालये तेव्हा पूर्ण चालू असतात, ताजे रांधलेले मिळते. चौविहार करणाऱ्याने हेच जेवण आपले शेवटचे जेवण मानावे.

हिरव्यावर पाय नको

दुसऱ्या दिवशी सकाळी रायगड. महाडपासून पाऊण तासाचा रस्ता. वाटेत पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. तेथे आधी थांबावे. ६ जून १६७४ रोजी ज्या गडावर शिवराज्याभिषेक झाला, त्या गडावर जाण्यास रज्जुमार्ग आहे आणि पायऱ्यांची वाटही आहे. अतिवृष्टीत प्रशासन ही वाट बंद ठेवते. तशी सूचना असल्यास ती मानावी. त्या दिवशी पाऊस उघडला होता, म्हणून थोडे चढून परत यावे असे ठरले.

पायऱ्यांवर शेवाळ धरले होते. वहिनी थबकल्या. शेवाळ हे अनंतकाय, त्यावर पाय देणे त्यांना नको होते. नात मात्र पुढे धावत होती. कडेला ताकाची कळशी घेऊन बसलेल्या एका आजींनी तिला हाक दिली, "पोरी, हिरव्यावर पाय नको देऊस. काळा कातळ बघ आणि मग पाय टाक. घसरलीस तर खाली जाशील."

वहिनी माझ्याकडे पाहून हसल्या. एकीचे कारण जीवदयेचे, दुसरीचे हाडे शाबूत राखण्याचे. पण दोघींचे सांगणे एकच. आपल्या शास्त्रात चालताना, बसताना, निजताना, खाताना, बोलताना जयणा राखावी असे सांगितले आहे. दिगंबर परंपरेत त्यालाच यत्नाचार म्हणतात. हा नियम साधुसाध्वींसाठी आणि उपाश्रयापुरता आहे असे आपण समजतो. पावसाळी मुलखात तो प्रवाशाच्या रक्षणाचाही नियम ठरतो. त्या पायऱ्यांवर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली: आपले नियम प्रवासाच्या आड येत नाहीत, ते नीट पाळले तर प्रवास सुखरूप होतो.

व्यवहारातली सूचना एवढीच, की अशा मुलखात बूट कातड्याचे नसावेत. जीवदयेच्या दृष्टीने ते नकोतच. शिवाय भिजलेले कातडे दोन दिवस वाळत नाही आणि त्याला बुरशी येते. तळाला खोल खाचा असलेले कापडी किंवा रबरी बूट घ्यावेत, दोन जोड घ्यावेत.

पडिलेहण

महाड हे नाव वैद्यकाच्या जगात विंचवामुळे ठाऊक आहे. कोकणातला लाल विंचू विषारी. त्याच्या दंशाने एके काळी येथे अनेक मुले दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि त्यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून प्राण वाचविता येतात हे दाखवून दिले. त्यांचे संशोधन 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका तालुक्याच्या गावात बसून त्यांनी हे काम केले.

मामेभावाच्या घरी अजूनही सकाळी बूट उपडे करून झटकल्याशिवाय कोणी पाय घालत नाही. रात्री अंथरूण झटकतात, दोरीवरचा कपडा झटकून अंगात घालतात. वहिनींनी नातीला सांगितले, "हे पडिलेहण आहे. महाराजसाहेब रोज वस्त्रपात्रांची तपासणी करतात ना, ते याचसाठी. आपल्याकडून जीव चिरडू नये, म्हणून." मेक्सिकोतही विषारी विंचू आहेत. तेथे मुलीने ही सवय एक दिवसही सोडली नाही.

डासांचेही तसेच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. फवारणी करून जीव मारण्यापेक्षा अंगभर बाह्यांचे फिकट सुती कपडे, अंगाला लावावयाचे मलम आणि हलकी मच्छरदाणी हा आपल्याला साजेसा उपाय आहे. पुराच्या साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये. पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोस्पायरोसिसचा धोका कोकणात आहे, मध्य अमेरिकेतही आहे.

येथेच पीतज्वराच्या लसीचा विषय निघाला. पनामा, कोलंबिया, पेरू, इक्वेडोर यांसारख्या देशांतून भारतात परतणाऱ्यास या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते नसल्यास विलगीकरणात ठेवले जाते. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, म्हणून ऐनवेळी धावपळ उपयोगाची नाही. दोन गोष्टी आपल्या कुटुंबांनी आधी जाणून घ्याव्यात. ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर तयार होते. आणि साठी ओलांडलेल्यांना ती देताना डॉक्टर विशेष विचार करतात. वहिनींच्या बाबतीत दोन्ही अडचणी होत्या. त्यांनी आग्रह धरला नाही, पुतण्यानेच पनामा आणि कोलंबिया गाळले. मेक्सिको आणि ग्वाटेमाला त्या यादीत नाहीत, आणि युरोपमार्गे गेल्याने वाटेतही तसा देश लागत नव्हता. ज्यांना पाचूच्या व्यापारासाठी कोलंबियाला जाणे भागच आहे, त्यांनी डॉक्टरांना आणि आपल्या गुरुमहाराजांना विचारून निर्णय घ्यावा.

ताट

महाडला दुसऱ्या दिवशी आमचे खाखरे सादळले. मोठा डबा एकदा उघडला आणि दमट हवेने आपले काम केले. मग युक्ती सुचली. प्रत्येक दिवसाची शिदोरी वेगळ्या हवाबंद पाकिटात भरावी आणि रोज एकच पाकीट उघडावे.

यातून एक शास्त्रीय विचारही निघाला. पीठ व मिठाई किती दिवस चालते याची ऋतुमर्यादा श्वेतांबर परंपरेत सांगितली आहे: पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. आम्ही कार्तिकी पौर्णिमेनंतर निघणार होतो, म्हणजे पंचांगाप्रमाणे ३० दिवस. पण ग्वाटेमालात वेलदोडा होतो त्या कोबान भागात त्या दिवसांतही रिपरिप पाऊस असतो. तेथले लोक त्याला 'चिपी-चिपी' म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "मर्यादा हवेसाठी आहे ना? मग जिथे पाऊस, तिथे पंधरा दिवस." त्यांचा हा निर्णय मला फार समंजस वाटला. तेथली ऋतूंची नावेही फसवी आहेत. मध्य अमेरिकेत मे ते नोव्हेंबर या पावसाळ्याला 'इन्व्हिएर्नो' म्हणजे हिवाळा म्हणतात, आणि कोरड्या महिन्यांना 'वेरानो' म्हणजे उन्हाळा. कोणी 'हिवाळ्यात या' म्हटले तर छत्री घेऊन जावे.

तेथील ताटाबद्दल सविस्तर सांगतो, कारण फसगत येथेच होते.

मक्याची 'तोर्तिया' ही आपल्या भाकरीची बहीण. चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका वाटून ती थापतात. महाडला मामेभावाच्या घरची तांदळाची भाकरी खाताना सूनबाईने विचारले होते, "तिथे भाकरी मिळेल का हो?" मिळते, आणि गरम मिळते. मात्र गव्हाच्या तोर्तियात पुष्कळदा डुकराची चरबी असते. तिचे नाव 'मान्तेका'. घोटलेला घेवडा म्हणजे 'फ्रिहोलेस' तो पाहण्यात निर्दोष, पण त्यातही मान्तेका असू शकते. भात 'काल्दो दे पोयो' म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजविलेला असू शकतो. म्हणून 'आम्ही शाकाहारी' एवढे सांगून भागत नाही. 'कार्ने' नको म्हटले तर कित्येकदा कोंबडी वाढतात, कारण बोलण्यात कार्ने म्हणजे बहुधा गुरांचे मांस.

हे शब्द पाठ करून जावे. 'सिन' म्हणजे विना. सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएवो: मांस, कोंबडी, मासे, अंडे यांविना. सिन सेबोया, सिन आहो: कांदा, लसूण यांविना. सिन मान्तेका, सिन काल्दो. कंदमुळांपैकी 'पापा' म्हणजे बटाटा, 'सानाओरिया' गाजर, 'रेमोलाचा' बीट, आणि 'युका' हा त्या मुलखातला सर्वत्र आढळणारा कंद. 'मिएल' म्हणजे मध. हे सारे स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांत एका जाड कागदावर छापून न्यावे आणि थेट स्वयंपाक्याच्या हाती द्यावे. शेवटी 'पोर फावोर' आणि 'ग्रासिआस', म्हणजे कृपया आणि आभार, हे शब्द हसून म्हणावेत. त्यांचा उपयोग कागदाहून अधिक होतो.

आणखी तीन सावधगिरी. घेवड्यावर कच्ची साय किंवा ताजे चीज घालून देतात. द्विदल आणि कच्चे गोरस एकत्र न घेणाऱ्यांनी ते वेगळे मागावे. चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते, म्हणून न घेणेच बरे. दुसरे, लाल रंग. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून लाल रंग काढण्याची विद्या मेक्सिकोतली. एकोणिसाव्या शतकात ग्वाटेमालाची ती प्रमुख निर्यात होती. आजही मिठाई, दही, सरबत यांच्या वेष्टनावर 'कार्मिन' किंवा 'ई १२०' असे लिहिलेले असेल तर तो हाच रंग. तिसरे, मेक्सिकोच्या ओआहाका भागात फळांच्या फोडींवर भुरभुरतात त्या तिखट-मिठात वाळवलेल्या अळ्यांची पूड असू शकते. फळ घ्यावे, मीठ आपले घालावे.

विमानात आरक्षणाच्या वेळी 'व्हीजेएमएल' या खुणेने जैन जेवण मागता येते. तरी पहिल्या दिवसाची शिदोरी हाताशी असू द्यावी. ताजी फळे, बिया, दुधाचे पदार्थ परदेशी सीमेवर अडवतात. बंद पाकिटातले कोरडे खाणे न्यावे आणि विचारल्यावर दाखवावे.

चवदार तळ्यापाशी

रायगडाहून परतताना आम्ही चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही हे तळे खुले केले होते. तरीही माणसांना पाणी पिऊ देत नव्हते.

वहिनींच्या हातात उकळलेल्या पाण्याची बाटली होती. नातीने विचारले, "आजी, आपणही दुसऱ्यांकडचं पाणी पीत नाही. मग आपणही तसेच का?"

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाही गं. मी पाणी उकळते ते पाण्यातल्या जिवांसाठी. हात कोणाचा आहे हे मी पाहत नाही. पण तू विचारलंस ते बरं केलंस. कधी मी तसं वागले तर मला सांग."

हा प्रसंग मी मुद्दाम लिहिला आहे. परदेशात आपण वारंवार नकार देणार असतो: हे नको, ते नको, त्यात काय आहे, भांडे कोणते. आपले नियम स्वतःसाठी असतात. यजमानाला कमी लेखण्यासाठी नसतात. नकाराबरोबर कृतज्ञता दिसली नाही, तर आपली अहिंसा अपुरी राहते. ग्वाटेमालात एका मळेवाल्याच्या घरी वहिनींनी जेवण नाकारले, पण त्याच्या पत्नीजवळ चुलीपाशी बसून तोर्तिया थापावयास शिकल्या, आणि त्या कोरड्या तव्यावर भाजलेल्या तोर्तिया आपल्या चटणीबरोबर खाल्ल्या. यजमानीणबाई प्रसन्न झाल्या.

पाण्याबाबत व्यावहारिक सूचना सोपी आहे. नळाचे पाणी पिऊ नये, बर्फ घेऊ नये. एक छोटी विजेची किटली बरोबर असावी. सकाळी पाणी उकळून दिवसभराचे भरून घ्यावे. नियमही राहतो आणि पोटही.

चोपड्या माळ्यावर

त्या रात्री मामेभावाने दुकानातली भिंत दाखविली. माणसाच्या डोक्याच्याही वर पाण्याची रेघ होती. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारी यांचे पाणी बाजारपेठेत शिरले. साखर, गूळ, डाळी, सर्व गेले. तो म्हणाला, "माल गेला तो गेला. पण वडिलांनी शिस्त लावली होती, चोपड्या माळ्यावर. उधारी-येणे कागदावर शाबूत होते, म्हणून दुकान पुन्हा उभे राहिले. ज्यांनी आम्हाला माल दिला होता, त्यांनाही पैसे देता आले."

त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या गेल्या. या गावांना कोणी प्रेक्षणीय स्थळे म्हणून भेट देऊ नये. मात्र त्यांच्यापासून शिकावे. अतिवृष्टीत रात्रीचा घाट करू नये. स्वच्छ झरा अचानक गढूळ झाला, जमिनीला भेग पडली, झाडे कलली, तर सामान सोडून निघावे. स्थानिक माणूस 'आज जाऊ नका' म्हणाला की त्या दिवशी जाऊ नये.

ग्वाटेमालात वेलदोड्याच्या मुलखात केहा नावाचे खेडे होते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'एटा' वादळाच्या पावसाने त्यावर डोंगर आला. पुतण्याला ते कळले तेव्हा त्याला तळिये आठवले. त्याने त्या भागातले सर्व प्रवास दिवसाउजेडी ठेवले, आणि एके दिवशी चालकाच्या सांगण्यावरून मळ्याची भेट रद्द केली. व्यवहार एक दिवस लांबला, बिघडले काही नाही.

'चोपड्या माळ्यावर' हे सूत्र प्रवाशालाही लागू आहे. पासपोर्ट, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती कोरड्या पिशवीत वेगळ्या ठेवाव्यात, एक संच घरी असावा. रोख एकाच खिशात नसावी. मेक्सिकोत पेसोलाही डॉलरचेच चिन्ह वापरतात, तेव्हा किंमत पाहून घाबरू नये वा भुलू नये, चलन विचारावे. कोलंबियासारख्या देशांत हजारांच्या जागी स्वल्पविराम नव्हे, टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. बिल वाचताना व्यापाऱ्याचीही चूक होते. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात. ते वकिलातीकडूनच जाणून घ्यावेत.

पोलादपूरहून वर

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलादपूर. 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी या गावी आहे, आणि तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरला चढतो. सुमारे चाळीस किलोमीटरांत हजार मीटरहून अधिक चढ. खाली घामाने कपडे चिकटत होते; वर धुक्यात वहिनींनी शाल मागितली, आणि शाल पुन्हा डिकीत होती. परदेशात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. उष्ण कटिबंध म्हणजे सर्वत्र उकाडा नव्हे. मेक्सिको शहर २२०० मीटरहून उंच आहे, ग्वाटेमालाची राजधानी सुमारे १५०० मीटरवर. सुती आणि लोकरी दोन्ही कपडे लागतात, पण थोडेच न्यावेत. रोज धुऊन वाळणारे तीन जोड आणि एक शाल पुरते. कमी सामानात अपरिग्रह सहज घडतो, आणि चौविहाराचा डबाही सापडतो.

घाटाच्या पायथ्याशी एका देवळाजवळ देवचाफा फुलला होता. मी नातीला सांगितले, की हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. निकाराग्वा देशाचे ते राष्ट्रीय फूल आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मेक्सिकोहून आलेला, आणि पेरू, पपई, सीताफळ, मिरचीही त्याच भूमीतली. ती म्हणाली, "म्हणजे आपण अनोळखी ठिकाणी जातच नाही आहोत."

कार्तिकी पौर्णिमेनंतर मंडळी गेली आणि सोळा दिवसांनी परतली. वहिनींनी आपल्या लहान वहीत रोजची नोंद ठेवली होती. एक संध्याकाळ विमानाच्या विलंबाने जेवणाविना गेली. बाकी सर्व दिवस नियम अखंड राहिला. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या आहेत. पहिली अशी: 'आधी दोन दिवस पावसात कोकणात राहून पाहावे. डबा आणि शाल मांडीवर ठेवावी.'